चांद्याचा कासरा

आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि त्याचं कोणी वाईट वाटून घेऊ नये. जमादाराचा बसला नव्हता. वर्ध्याच्या कोर्टातल्या साहेबाचा बसला नव्हता. तुम्ही तर काल-परवाची पोट्टी! पण आज खांदशेकणी आहे. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून झाली, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायले या' असं त्यांच्या कानात सांगून झालं, आणि पोळ्याला अजून एक रात्र आहे. अशा संध्याकाळी पारावर बसून बैलाचीच गोष्ट सांगायची असते. आणि बैल म्हणाल तर चांद्यासारखा बैल वर्धा जिल्ह्यात झाला नाही. ज्यानं माणूस मारला आणि ज्याच्यावर खटला चालला नाही, असा तो एकच.

विश्वास नसेल तर नलूबाईला विचारा. ती बघा, पिंपळाच्या बुंध्याला टेकून बसली आहे. नातवाची सोयरीक या गावात जमली म्हणून पवनारहून आली, पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. त्या पोळ्याला ती हजर होती. म्हणजे होती, पण आठ वर्षांची होती, आणि ऐन वेळी बत्तासे घ्यायला गेली होती. तेव्हा तिला विचारून तसा काही उपयोग नाही.

तर चांद्या. अंगानं कापसासारखा पांढरा, कपाळावर तेवढा एक काळा चांद. उन्हाळ्यात नदी आटली की हा खुरानं वाळू उकरायचा, आणि तो उकरेल तिथंच गाव झिरा खणायचं. एकदा भर पुरात यानं बंडी, बंडीतली सरकी आणि सरकीवर झोपलेला एक म्हातारा असं सगळं या काठावरून त्या काठाला नेलं. म्हाताऱ्याच्या तोंडातली विडी विझली नाही. हसा, हसा. आणखी एक खोड होती त्याला. त्याच्यासमोर कोणी खोटं बोललं की तो नाकातून फुरफुरायचा. त्यामुळं त्याच्या पाठीमागं उभं राहून सौदा करायची गावात पद्धतच पडली होती.

हा बैल होता जंगलूचा. आता तुम्ही विचाराल, गोंडाच्या घरचा पोरगा, बाप सोनबा रूपरावांकडे सालदार, वर्षभर त्यांच्या गोठ्यात राबणारा, त्याच्याकडे स्वतःचा बैल कुठून आला? त्याचं असं झालं. रूपरावांच्या गोठ्यात एक वासरू जन्मलं ते उभंच राहीना. रूपराव म्हणाले, राहू द्या, सकाळपर्यंत जाते ते. त्यांचा धाकटा, घनश्याम, तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो बापाच्या धोतराला लोंबकळला. "बाबा, जाणारच आहे तर जंगलूले द्या नं." दिलं. जंगलूनं ते वासरू पदरात घेतल्यासारखं घोंगडीत घेतलं, चिंधी ताकात बुडवून चोखवलं, महिनाभर त्याच्या अंगाला अंग लावून निजला. वासरू जगलं. पुढं त्याचा चांद्या झाला.

एका बैलानं वावर वाहत नाही. जंगलूच्या शेजारी एका लहान कुणब्याचं घर होतं, त्याच्याकडेही एकच बैल उरला होता. दोघांनी सावड केली: दोन घरचे दोन बैल मिळून एक जोडी. त्या कुणब्याच्या पोराचं नाव कवडू. आणि घनश्याम, जंगलू, कवडू हे तिघं असे दोस्त होते की एकाला काटा रुतला तर तिघं लंगडायचे.

कवडू म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं, कारण गोष्ट त्याच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. काळा, काटकुळा, कामाला कच्चा, तोंडानं पक्का. शाळेत चौथीपर्यंत गेला आणि तेवढ्यात मास्तरांवर अकरा गाणी जुळवली. जंगलू याच्या उलट. घरी ते लोक आपल्या बोलीत बोलायचे, बाहेर तो आमच्या बोलीत बोलायचा, आणि दोन्हीकडे मोजकंच. घनश्याम हसरा. कशालाही हसायचा. चारचौघांत जंगलू त्याला 'धाकले मालक' म्हणायचा आणि नदीत उतरलं की 'घनश्या', आणि घनश्याम त्यालाही हसायचा. "काऊन बे, पाण्यात मालकी वितळते का?"

गावात तेव्हा दोन पक्ष होते. माडीवाले आणि टोलीवाले. माडी म्हणजे रूपरावांची, आणि तिच्या आसपासची चार घरं; बाकी सगळी टोली. रूपराव मालगुजार. गावाचा सारा त्यांनी गोळा करायचा, गाव त्यांना मुजरा करायचं. पण ही गोष्ट तिरेपन्न सालची, आणि सरकारनं मालगुजारी काढून घेतल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुजरा करायचा की नाही हे कोणालाच नक्की समजत नव्हतं. म्हातारे अजून वाकायचे, पोट्टे टोपी नीट करण्याचं सोंग करायचे.

रूपरावांचा थोरला, मधुकर, वर्ध्याला शाळेत. सतरा वर्षांचा, मनगटावर घड्याळ, आणि सुटीत यायचा तो सायकल घेऊन. त्या उन्हाळ्यात घनश्यामनं ती सायकल गुपचूप काढली आणि नदीच्या वाटेवर जंगलूला बसवलं. जंगलू तिच्यावर चाळीस पावलं चालला. म्हणजे कवडूनं ती मोजली म्हणून चाळीस. जंगलूला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हिंगणघाटपर्यंत गेलतो. तेवढ्यात मधुकर आला. त्यानं भावाला काही केलं नाही. सायकलीचा हवा भरायचा पंप काढला आणि जंगलूच्या पाठीवर हाणला, सात वेळा. "तुह्या बापानं पाह्यली होती का सायकल?"

जंगलू उठला, सायकलीवरची धूळ आपल्या धोतरानं पुसली आणि गेला. चार दिवसांत त्याचे वळ गेले. कवडूचे गेले नाहीत. मार ज्याला बसला तो विसरला, पाहणारा विसरला नाही, असंही होतं कधी कधी. झुडपामागून तो पाहत होता ना. बाहेर आला नव्हता.

आणि म्हणून त्यानं झडती जुळवायला घेतली.

झडती तुम्हाला माहीत आहे. पण आजची पोट्टी सिनेमाची गाणी म्हणतात, म्हणून सांगतो. पोळ्याला सगळ्या जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभ्या राहिल्या, की ज्याच्या तोंडात जोर असेल त्यानं पुढं यायचं आणि झडती म्हणायची. चार ओळींचं टोचणं. सालदारानं मालकाला टोचावं, जावयानं सासऱ्याला. शेवटी 'हर हर महादेव' झालं की विषय संपला. ज्याला टोचलं त्यानं हसायचं. रागावला तो हरला. वर्षातली तेवढी एक घटका गरिबाची असते. मग मालगुजाराची जोडी, शिंगांवर लाकडी मखर बांधलेली, सगळ्यांच्या आधी तोरणाखालून जाते आणि पोळा फुटतो. एकच नियम आहे, आणि तो कोणी कोणाला सांगत नाही, कारण सगळ्यांना ठाऊक असतो. झडतीत घरची बाई आणायची नाही.

कवडू आठ दिवस कपाशीत डवरा हाकता हाकता जुळवत होता. पहिल्या दोन ओळी सकाळच्या न्याहारीपर्यंत झाल्या. तिसरी ओळ 'एक'वर येऊन थांबली आणि तिथं तो तीन दिवस अडकला. चौथ्या दिवशी सुचलं. सुचलं तेव्हा तो डवरा सोडून नाचला, बैल पुढं गेले आणि कपाशीच्या दोन ओळी उपटून निघाल्या.

नदीवर त्यानं जंगलूला ती म्हणून दाखवली. जंगलूचे डोळे दोन ओळी हसले, मग थांबले.

"कवड्या, हे लेकीचं राहू दे नं बाप्पा."

"अबे, कसं जमून राह्यलं पाह्य! नाव कुठं घेतलं मी तिचं?"

"नाव नाई घेतलं, पण घरात लेक एकच आहे."

होती एकच. सुलोचनाताई. आठ महिन्यांपूर्वी सासरहून आली होती, आणि नवरा न्यायला आला नव्हता. जंगलू गोठ्यात जेवायला बसायचा तेव्हा ती माडीवरून खाली येऊन त्याच्या भाकरीवर लोणी ठेवायची. कोणाला सांगायची नाही.

"तुलेच म्हणा लागन," कवडू म्हणाला. "माहा आवाज फाटला आहे."

हे खरं होतं. त्या वर्षी कवडूच्या गळ्यातून एक शब्द बापासारखा निघायचा आणि दुसरा मायसारखा. पण त्याच्या बापाच्या वावराची वाट रूपरावांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जात होती, हेही तितकंच खरं होतं. ती वाट बंद झाली असती तर पेरणीला बैल उडत न्यावे लागले असते.

"मी नाई म्हणत," जंगलू म्हणाला.

तेव्हा कवडू जे बोलला, ते त्यानं बोलायला नको होतं. तो म्हणाला, "नको म्हणू. पंपाचे वळ तुले गोड लागले असं समजीन मी."

जंगलू पाण्यात दगड टाकत बसला. मग म्हणाला, "दे, पुन्हा म्हण. पाठ करतो."

पोळ्याच्या दिवशी चांद्याला काय सजवलं होतं! शिंगांना बेगड, अंगावर गेरूचे ठसे, गळ्यात कवड्यांची माळ. नलू, जंगलूची बहीण, सकाळपासून त्याच्या पायांत पायांत. टोलीच्या बैलांमध्ये हा एकच असा की माडीवालेही पाहायला आले. घनश्याम तर बापाची जोडी सोडून इकडेच. "जंगल्या, खरं सांग, उद्या हा बोलणार आहे का बे?" आणि चांद्याच्या कपाळावर कपाळ टेकवून म्हणाला, "माह्याच शब्दानं जगला तू. वळख ठेवजो."

जोड्या लागल्या. समोर रूपरावांची जोडी, मखर बांधलेली, मधुकर कासरा धरून. वाजंत्री थांबली. एकानं झडती म्हटली, जावयावर, लोक हसले. दुसऱ्यानं म्हटली, कोतवालावर. मग जंगलू पुढं गेला. चांद्याचा कासरा त्यानं चांद्याच्याच पाठीवर टाकला, कारण नलू बत्तासे घ्यायला गेली होती, हे मघाशी सांगितलंच. गोंडाचं पोरगं झडती म्हणायला आलं हे पाहून लोक आणखी जवळ सरकले. जंगलूनं डोळे मिटले आणि शाळेतल्या पोरासारखी एका सुरात म्हटली:

"वाटेवर बाभूळ, बाभळीले काटा,
मालगुजारी गेली, राह्यला फेटा!
सारा गेला सरकारले, मखर राह्यली एक,
ना सासरची ना माहेरची, जशी घरात लेक!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

पहिल्या दोन ओळींना सगळं गाव हसलं. माडीच्या बाजूनं एकटा घनश्याम हसला, आणि त्याच्याकडे पाहून रूपरावांनीही मिशीवरून हात फिरवला. चौथ्या ओळीनंतर 'हर हर महादेव' म्हणायला कोणाचंच तोंड उघडलं नाही. एवढी साठ-सत्तर माणसं, पण बैलांच्या गळ्यातल्या घंट्या तेवढ्या वाजत होत्या. रूपरावांचा हात मिशीवर होता तिथंच राहिला. बायका देवळाच्या ओट्यावर उभ्या होत्या. त्यांच्यातून एक वळली आणि घराकडे चालू लागली. पळाली नाही. चालत गेली. कवडूनं ते पाहिलं. आठ दिवस जुळवत होता, तेव्हा या ओळीला पाठ असेल, लुगडं असेल, ती अशी चालत जाईल, हे काही त्याच्या मनात आलं नव्हतं.

मधुकरच्या हातातला कासरा गळला. त्यानं शेजारच्याची काठी घेतली. आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मधुकरचं काही चुकलं असं म्हणवत नाही. बहीण होती.

तो जंगलूवर आला. जंगलू डोळे उघडून उभा, हात खाली. पहिली काठी खांद्यावर बसली. माडीवाले चार पोट्टे धावले, इकडून टोलीवाले धावले. कवडूही धावला. या वेळी झुडूप नव्हतं. त्याच्या हातात बैल हाकायची पराणी होती; पण त्या दिवशी पराणी कोणाच्या हातात नव्हती? आणि मधे घनश्याम आला, दोन्ही हात पसरून, तोंडावर अजून अर्धं हसू. "अबे दादा, झडती आहे! झडती आहे नं!"

आणि तेवढ्यात चांद्या बिथरला.

हेच ते, ज्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. जंगलूला मारताहेत हे त्या मुक्या जनावरानं पाहिलं. कासरा मोकळाच होता. तो मुसंडी मारून आला, मान खाली घातली, मधुकरवर शिंग उगारलं, आणि मधुकर वाकला, आणि शिंग लागलं घनश्यामच्या कानशिलावर. ज्यानं त्याला जगवलं त्यालाच. एवढंच झालं. डोळा मिटून उघडेपर्यंत झालं.

घनश्याम खाली बसला. लगेच उठला. रक्त फार नव्हतं. त्यानं पडलेली टोपी उचलली, झटकली, घातली. "काई नाई झालं," म्हणाला. ओट्यावर जाऊन बसला, पाणी मागितलं. लोकांना वाटलं, निभावलं. भांडण विझलं. मग तो भिंतीला टेकला आणि त्यानं विचारलं, "फुटला का पोळा?" "फुटला का?" त्यानं पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. देवळात दिवा लागायचा होता अजून.

त्या वर्षी पोळा फुटला नाही. बैल तोरणाखालून गेलेच नाहीत. नैवेद्य शिजलेला होता तो सकाळी नदीत सोडला.

रूपराव मांडीवर पोरगा घेऊन बसले होते. ते ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "कोणी मारलं?"

"जंगल्यानं," मधुकर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच दिसलं होतं. तोंड जंगलूचं, झडती जंगलूची, पराणी जंगलूच्या पायाशी पडलेली.

तेव्हा कवडू ओरडला, "बैलानं मारलं! चांद्यानं मारलं! म्या पाह्यलं!" आणि नवल म्हणजे, त्या वेळी त्याचा आवाज फाटला नाही. स्वच्छ निघाला. सगळ्यांनी चांद्याकडे पाहिलं. चांद्या फुरफुरला. आता धुरळा इतका होता, नाकात गेला असेल.

सगळ्यांनी चांद्याकडे पाहिलं, फक्त जंगलूनं नाही. तो कवडूकडे पाहत होता.

सकाळी ठाण्याहून जमादार आला. कवडूनं त्यालाही सांगितलं. जमादारानं विचारलं, "तुझा बाप काय करतो?" आणि वहीत काहीच लिहिलं नाही. जंगलूला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मले मालूम नाई." त्याला हात बांधून नेलं. वर्ध्याला खटला उभा राहिला तिथंही तेच. "मले मालूम नाई." बैलाचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही. लोकांना कळेना, वाचायचा रस्ता समोर आहे, हा चालत का नाही? पण ज्याला अंगाशी घेऊन निजला, त्याच्यावर आळ कसा घेईल? हेच कारण. दुसरं काय असणार?

कोर्टात कवडूची साक्ष झाली. सोळा वर्षांचा पोरगा, मामाचा कोट घालून गेलेला, बाह्या बोटांच्या खाली. वकिलानं विचारलं, "डॉक्टर लिहितात, जखम लांब आहे, सरळ आहे, चार बोटं. शिंगाची जखम अशी असते का?"

"चांद्याचं शिंग लई सरळ होतं साहेब."

"किती सरळ?"

"धोतर वाळत घालता येते, इतकं."

कोर्ट हसलं. साहेबही हसले. शिपाई हसला. वकील इतका हसला की पुढचा प्रश्न विसरला. आणि कवडूला त्या दिवशी एक गोष्ट कळली, जी पुढं त्याला जन्मभर पुरली: माणसं हसली की पुढचं विचारत नाहीत. पिंजऱ्यात जंगलू उभा होता. तो हसला नाही. पण कवडूकडे असं पाहत होता, की जणू कोणी आपल्या लहान भावाला झाडावर चढताना पाहावं. पडशील, असं म्हणायचं आहे, पण म्हटलं तर दचकून पडेल.

पाच वर्षं झाली त्याला.

चांद्याचं काय झालं? तेच सांगतो. गावानं कवडूचं म्हणणं अर्धं मानलं. बैलाला घालवण्याइतकं मानलं, जंगलूला सोडवण्याइतकं मानलं नाही. रूपरावांची माणसं आली, म्हणाली वासरू आमच्याच गोठ्यातलं, माणूस खाल्लेला बैल गावात नको. हिंगणघाटच्या बाजारात तो खाटकाला गेला. नेताना त्यानं काही केलं नाही. मुसंडी मारली नाही, शिंग उगारलं नाही. शेपटी हलवत गेला. सोनबाचं साल त्याच आठवड्यात तुटलं. तो बायकोला, रामबाईला, आणि नलूला घेऊन पवनारकडे मजुरीला गेला. कवडूच्या बापाची वाट मात्र धुऱ्यावरून चालू राहिली.

जंगलू सुटला सत्तावन्न साली, थोडा आधीच. जाताना तो मध्यप्रदेशातून गेला आणि आला तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो. पवनारला माय-बापाजवळ दोन दिवस राहिला, तिसऱ्या दिवशी वडनेरला बसमधून उतरून दोन कोस चालत आला. कवडू वावरात होता. धुऱ्यावर एक उंच माणूस उभा दिसला. केस बारीक कापलेले, खांदे रुंद झालेले.

"गाव तिथंच आहे नं?" जंगलू म्हणाला. "राज्य बदललं म्हणतात."

दोघं निंबाखाली बसले. कवडूनं भाकर सोडली, अर्धी त्याला दिली. जंगलूनं खाल्ली. चार वर्षांचं बोलायचं होतं, आणि कवडूचं तोंड, जे कधी बंद नसायचं, ते बंद. एकच वाक्य त्याच्या जिभेवर होतं. पोळ्याच्या दिवसापासून होतं. तो ते म्हणणारच होता.

तेवढ्यात जंगलूनं पिशवीतून एक म्होरकी काढली. बैलाच्या तोंडावर बांधतात ती. तुरुंगात विणकाम शिकला होता. सतरंज्यांचे उरलेले धागे साठवून साठवून विणली होती. लाल, निळी, पिवळी, कपाळावर यायच्या जागी पांढरा गोल. "चांद झाकला नाई पायजे म्हणून," तो म्हणाला. मग म्हणाला, "कुठं आहे चांद्या?"

आता सांगा, काय सांगायचं?

"समुद्रपूरच्या एका कास्तकारानं नेला," कवडू म्हणाला. "लई मोठा कास्तकार. सरकीची ढेप खायले देते. पाह्यशील तर वळखणार नाईस, असा गोल झाला आहे."

"काय नाव त्याचं?"

"नाव... नाव नाई मालूम बाप्पा."

जंगलूनं त्याच्याकडे पाहिलं. कोर्टात पाहिलं होतं तसंच. मग त्यानं म्होरकीची घडी केली.

"तू सांगतं तर असंन," तो म्हणाला आणि उठला. "आज खांदशेकणी आहे. चार सालं झाली, त्याले कोणी आवतण नसन दिलं. देऊन येतो."

आणि धुऱ्याधुऱ्यानं समुद्रपूरकडे चालू लागला. कवडूनं हाक मारली नाही.

त्यानंतर तो या गावात आला नाही. बाजाराला जाणारे लोक सांगायचे, समुद्रपूरच्या बाजारात एक माणूस दिसतो, हिंगणघाटच्या दिसतो. पांढऱ्या बैलापुढं थांबतो, रंगीत म्होरकी त्याच्या तोंडाला लावून पाहतो, आणि पुढं जातो. काहीजण म्हणतात, अजून फिरतो. सत्तरी ओलांडली असेल, पण फिरतो. एखाद्या दिवशी त्याला चांद्या सापडेलही. तसा बैल मरत नसतो.

अशी ही गोष्ट. बैलानं मारलं, आणि माणसानं भोगलं. कवडूनं ती हजारदा सांगितली, आणि दरवेळी चांद्या थोडा मोठा केला, पूर थोडा चढवला, शिंग थोडं सरळ केलं, की कधीतरी कोणीतरी म्हणेल, हो बाप्पा, असा बैल असेल तर त्यानं मारलंही असेल. लोक हसले. पुढचं कोणी विचारलं नाही.

"खोटं."

पिंपळाच्या बुंध्याकडून आवाज आला. नलूबाई काठीला धरून उठत होती. पोट्ट्यांनी तिला वाट दिली. ती पाराजवळ आली आणि खाली उभी राहिली.

"माहा दादा फिरत नाई," ती म्हणाली. "त्याच सालच्या थंडीत गेला, पवनारले, माह्या मांडीवर. म्होरकी उशाखाली होती. बैल खाटकाले गेला हे त्याले समुद्रपूरच्या पहिल्याच बाजारात कळलं होतं. आमाले म्हणे, कवड्याले सांगू नका, त्याले वाईट वाटन. अन् कवडू कवडू काय लावलं केव्हाचं? 'मी' म्हण नं, कवडूदादा. मी बत्तासे घ्याले गेलती म्हणतं? कोण दिले होते मले पैसे बत्ताश्याले? मी तिथंच होती. चांद्याचा कासरा माह्या हातात होता. दोन्ही हातांत. तो जागचा हललाबी नाई."